घाटाखालचं कढत पाणी
(कोल्हापूर मुक्कामाची दैनंदिनी)

शुक्रवार, रात्र. कोल्हापूर

उद्याची सहल ठरली. सकाळी सहाला रंकाळ्यावरून गाडी सुटणार. अणुस्कुरा घाटानं खाली कोकणात उतरायचं, राजापूरजवळच्या उन्हाळे गावी गरम पाण्याच्या झऱ्यावर अंघोळ, राजापुरात जेवण, आणि परतताना भुईबावडा घाट चढून गगनबावड्यावरून मुक्कामी. सगळं एका दिवसात. गाडीवाल्यांनी फोनवर तीन सूचना दिल्या: जादा कपडे घ्या, टॉवेल घ्या, आणि घाट लागतो त्यांनी रात्री तांबडा-पांढरा जरा बेतानं.

ही तिसरी सूचना कोल्हापुरात बसून पाळायची म्हणजे कठीण. तरी पांढऱ्या रश्श्याची दुसरी वाटी भरायला आलेल्या पोऱ्याला मी हात आडवा केला. "का वं, आवडला न्हाई?" असं त्यानं इतक्या काळजीनं विचारलं, की शेवटी घेतलीच.

शनिवार, सकाळ. रंकाळा ते अणुस्कुरा

थंडी चांगलीच आहे. तलावावर धुकं. सतरा जणांची टेम्पो ट्रॅव्हलर निम्म्याहून जास्त भरलेली. इचलकरंजीचं एक जोडपं, सांगलीच्या एक निवृत्त शिक्षिका (गाडी हलायच्या आतच त्या सगळ्यांच्या 'काकू' झाल्या), इंजिनिअरिंगची दोन पोरं आणि एक मोठं कुटुंब. वाट दाखवायला आणि माहिती सांगायला एक गृहस्थ. आयुष्यभर एसटी चालवून निवृत्त झालेले, सगळे त्यांना 'मामा' म्हणतात. पुढच्या सीटवर उलटं बसून ते आमच्याशी बोलतात आणि मान न वळवता ड्रायव्हरला पुढचं वळण सांगतात.

फुलेवाडी मागे पडली आणि बालिंग्याचा पूल आला. मामांनी पहिला प्रश्न टाकला, "ही नदी कंची?"

"पंचगंगा," मागून एक पोरगा म्हणाला.

"पंचगंगा व्हायला अजून अवकाश हाय. ही भोगावती. तुळशी हिला वरच येऊन मिळाली. आता फुडं कुंभी बघा, मग कासारी. चारी नद्या चिखलीला प्रयागावर एक झाल्या की मग पंचगंगा."

पाचवी सरस्वती, गुप्त. ती काही मामांनी मोजली नाही. एसटीवाल्याचा हिशेब रोखीचा.

कुडित्र्याच्या कुंभी-कासारी कारखान्याकडे उसाच्या ट्रॉल्यांची रांग लागलेली. हंगाम ऐन भरात आहे. कळ्याला चहा आणि मिसळ. इथे मिसळीबरोबर स्लाइस ब्रेड येतो, पाव मागितलात की तुम्ही पुण्या-मुंबईकडचे ठरता. कळ्यावरून गगनबावड्याचा सरळ रस्ता सोडून आम्ही बाजारभोगावच्या अंगाला वळलो. आता कासारीचं खोरं. उसाचे फड हळूहळू विरळ झाले, भाताची कापलेली खाचरं आली, मग दोन्ही बाजूंनी झाडी. हवेतला मळीचा वास गेला आणि ओल्या पाचोळ्याचा आला. मोबाइलची रेंज इथेच कुठे तरी गेली. पोरांनी दोन-चारदा फोन खिडकीबाहेर धरून पाहिले, मग नाइलाजानं डोंगर बघू लागली.

अणुस्कुऱ्याच्या माथ्यावर गाडी थांबली. इथवर रस्ता तसा सपाटच चाललेला असतो. उभा चढ असा नाहीच. आणि एकदम पुढची जमीन संपते. खाली कित्येकशे मीटरवर पाचलकडचा प्रदेश, त्यात अर्जुना धरणाचं पाणी चमकतंय, आणि पलीकडे निळसर धुरकटात समुद्र असावा असं सगळ्यांना वाटलं. डोंगर चढून गेल्याशिवाय दरी दिसत नाही हा आपला समज सह्याद्री असा मोडतो. पूर्वेकडून आलात तर चढ जाणवत नाही, पश्चिमेकडे पाहिलंत तर कडा.

मामांनी सगळ्यांना कड्यापासून चार पावलं मागे घेतलं आणि एका हातानं मागे, एका हातानं पुढे दाखवत म्हणाले, "घराचं आढं ठावं हाय न्हवं? आढ्यावर पडलेला पाऊस निम्मा ह्या पाख्यावरनं जातो, निम्मा त्या. आपण आत्ता आढ्यावर उभं हाय. मागं पडलं ते कासारीत, पंचगंगेत, नरसोबाच्या वाडीला कृष्णेत, आणि तिथनं पार आंध्रात. फुडं पडलं ते अर्जुनेत, आणि जैतापूरच्या खाडीत. संध्याकाळपतूर दर्यात."

"आणि जे जमिनीत मुरलं ते?" काकूंनी विचारलं. शिक्षिकाच त्या.

"त्येच्यासाठीच तर खाली निघालोय," मामा म्हणाले.

शनिवार, दुपार. उन्हाळे, राजापूर

घाटरस्त्याच्या कडेनं जुनी पायवाट अधूनमधून दिसते, काही ठिकाणी बसवलेल्या दगडांची. राजापूर बंदरातला माल याच वाटेनं बैलांच्या पाठीवर घाटावर यायचा. राजापूर आणि पन्हाळा यांचं एक जुनं, कडू नातंही आहे. १६६० मध्ये सिद्दी जौहरचा पन्हाळ्याला वेढा पडला असताना राजापूरच्या इंग्रज वखारीचा हेन्री रेव्हिंग्टन तोफगोळे घेऊन घाट चढून आला आणि इंग्रजी निशाण लावून त्यानं गडावर मारा केला. शिवाजी महाराज वेढ्यातून निसटले, पण हे विसरले नाहीत. १६६१ मध्ये त्यांनी राजापूर गाठलं, वखार लुटली, खणून काढली आणि रेव्हिंग्टनसह इंग्रजांना कैद केलं. ते सुटले १६६३ मध्ये. मामांनी ही गोष्ट वळणावळणाला थांबवत इतकी रंगवली, की गाडी ओणीला महामार्गावर कधी लागली ते कळलं नाही.

हवा बदलली. सकाळचे स्वेटर पिशव्यांत गेले. लाल जांभ्याच्या चिऱ्यांची घरं, काजू, माड, आणि रस्त्याकडेला सावलीत बसलेली शहाणी कुत्री.

उन्हाळे हे राजापूरला लागूनच. झरा म्हणजे काही धबधबा नव्हे, की वाफांचा लोट नव्हे. दुरून पाहिलं तर गावातलं साधं धुण्या-न्हाण्याचं ठिकाण वाटेल. जवळ गेल्यावर आधी वास येतो, गंधकाचा. मग दगडी गोमुखातून पडणारी धार दिसते. ती कुणी चालू केलेली नाही, कुणी बंद करत नाही. खालचा दगड धारेनं घासून गुळगुळीत झालाय आणि पाणी वाहून जातं त्या पन्हळीत हिरवट बुळबुळीत थर साचलाय. हात धारेखाली धरला की पहिल्या क्षणी मागे घ्यावासा वाटतो, दुसऱ्या क्षणी राहू द्यावासा. चाळीस अंशांच्या थोडं वर, म्हणजे अंगाला सोसेल आणि तरी कढत वाटेल असं.

"बायकांनी पैंजण, जोडवी काढा बरं का. चांदी काळी पडती," मामांनी बजावलं. गंधकाचा अंश चांदीवर बसतो हे खरंच. इचलकरंजीच्या वहिनींनी पैंजण पर्समध्ये टाकले. काकू मात्र हसल्या, "जोडवी चाळीस वर्षांत काढली नाहीत. बघू या की."

बायकांनी आपली जागा धरली, पुरुषांनी आपली. धारेखाली खांदे धरून बसलं की प्रवासाचा आंबलेपणा पाच मिनिटांत जातो. शेजारी एक गावकरी आजोबा शांतपणे अंगाला साबण न लावता नुसते बसले होते. साबणाचं पाणी खाली जाऊ नये म्हणून, असं त्यांनी सांगितलं. आमच्यातल्या दोघांनी हातातले साबण मुकाट्यानं खिशात घातले. त्वचेच्या तक्रारीवर आणि सांधेदुखीवर हे पाणी चांगलं, अशी इकडे सगळ्यांची खात्री. काकूंचे गुडघे बाहेर आल्यावर "हलके झाले" होते. ऊन पाण्यानं दुखरा सांधा सैल होतो, एवढं तर घरच्या शेकानंही कळतं. त्यापुढचं श्रेय झऱ्याला किती द्यायचं ते ज्यानं त्यानं ठरवावं.

हे पाणी तापतं कशानं? पोरांचं उत्तर तयार होतं: खाली ज्वालामुखी आहे. नाही. सह्याद्रीचा काळा दगड ज्वालामुखीतूनच आलेला, पण तो लाव्हा सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, कधीच थंड झालेला. आज इथे जागा ज्वालामुखी नाही. उष्णता आहे ती पृथ्वीच्या पोटातली, सगळ्या जमिनीखाली असते तीच. साधारण एक किलोमीटर खाली गेलं की तापमान २५ ते ३० अंशांनी वाढतं. पावसाचं पाणी डोंगरात मुरतं, दगडातल्या भेगांनी खोल उतरतं, तिथे तापतं आणि एखाद्या मोठ्या भेगेनं चटकन वर आलं तर गार व्हायला त्याला वेळ मिळत नाही. भूकंपांच्या अभ्यासासाठी कोयना भागात तीन किलोमीटर खोल विवर खणलं गेलं, तेव्हा वरचा बसाल्ट सुमारे सव्वा किलोमीटर जाडीचा निघाला, खाली ग्रॅनाइटी जुना खडक. इतक्या जाड थरांतून आरपार गेलेल्या भेगा आहेत म्हणून तर हे झरे आहेत. आणि ते एकटे-दुकटे नाहीत. पालघर जिल्ह्यापासून वज्रेश्वरी-गणेशपुरी, दापोलीकडचं उन्हवरे, संगमेश्वर तालुक्यातली आरवली, तुरळ, राजवाडी अशी कोकणभर त्यांची उत्तर-दक्षिण माळ लागलेली आहे आणि तिच्या दक्षिण टोकाला हे उन्हाळे. डोंगराचा कडा आणि झऱ्यांची रांग साधारण एकमेकांना धरून चालतात. म्हणजे मामांच्या आढ्याला तिसरीही वाट आहे, खालची.

झऱ्यापासून जवळच टेकावर राजापूरची गंगा. तिथली चौदा कुंडं आज कोरडी. 'गंगा गेलीय' म्हणतात इथे. साधारण तीन वर्षांनी ती येते, काही दिवस किंवा काही महिने राहते आणि जाते, अलीकडे हा नेमही फारसा उरलेला नाही. आली की पंचक्रोशी लोटते. डोंगरातल्या एखाद्या पोकळीत पाणी साठत जातं आणि ठरावीक पातळी ओलांडली की वाकड्या नळीतून उपसल्यासारखं सगळं बाहेर पडतं, असं एक स्पष्टीकरण दिलं जातं. गंमत अशी, की एकाच गावात एक झरा कधीच थांबत नाही आणि दुसरा मनाला येईल तेव्हा वाहतो. एक कढत, दुसरा लहरी. भक्तांची गर्दी अर्थातच लहरीकडे.

राजापुरात जेवण. शनिवार, त्यामुळे गाडीतल्या निम्म्यांचा वार. त्यांना कुळथाची पिठी, भात, सोलकढी. उरलेल्यांना सुरमई. सोलकढीला "ह्यात तिखट कुठं हाय?" असं एका कोल्हापूरकरानं विचारलं आणि वाढणाऱ्या बाई म्हणाल्या, "असता तर मगे पचनाला कशाला दिली असती?" यावर गाडीतल्या कुणाकडेही उत्तर नव्हतं.

शनिवार, संध्याकाळ. भुईबावडा ते गगनबावडा

महामार्गानं खारेपाटण, तिथून डावीकडे उंबर्ड्यावरून भुईबावडा. समोर सगळा सह्याद्री भिंतीसारखा उभा. सकाळी ज्याच्या माथ्यावर सपाटीनं पोहोचलो, त्याच्या पायथ्याशी उभं राहिल्यावर त्याची उंची कळते. घाट अरुंद आहे. चढणाऱ्या गाडीला आधी वाट, हा नियम मामांनी समोरून उतरणाऱ्या दोन गाड्यांना खिडकीतून हात काढून शिकवला. वरच्या वळणावरून गगनगड दिसला, त्यावर गगनगिरी महाराजांचा मठ. गगनबावडा हे पंत अमात्यांच्या जहागिरीचं ठिकाण; 'आज्ञापत्र' लिहिणारे रामचंद्रपंत त्याच घराण्यातले.

माथ्यावर पुन्हा स्वेटर. गगनबावड्यात वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो आणि तिथून पन्नास-पंचावन्न किलोमीटरवरच्या कोल्हापुरात हजाराच्या आसपास. ढग कड्याला अडतात आणि इथेच मोकळे होतात. भर उन्हाळ्यात चाललेल्या उसाच्या मोटारी, कारखान्यांची धुराडी, २०१९ आणि २०२१ चे महापूर, सगळ्याचा उगम या थोड्याशा डोंगरी पट्ट्यात आहे. कोल्हापूर ज्या पाण्यावर श्रीमंत झालं ते कोल्हापुरात पडतच नाही.

गाडीत बहुतेक जण झोपले होते. काकूंनी दिव्याखाली पाय पुढे करून दाखवला. जोडवी चांगलीच काळवंडली होती. "आता चिंचेनं घासावी लागणार," त्या म्हणाल्या, आणि तक्रार करण्याऐवजी वहिनींनाही दाखवून आल्या. पुरावा म्हणून.

रविवार, सकाळ. पंचगंगा घाट

अंग अजून सैल आहे. पंचगंगेच्या घाटावर उतरलो. पाणी संथ, थोडं गढूळ, काठाला कपडे आपटणाऱ्या बाया आणि पोहायला आलेली पोरं. काल बालिंग्याला भोगावती ओलांडली, पुढे कासारीच्या खोऱ्यातून गेलो, आणि त्या सगळ्या इथे एका पात्रात आहेत. इथून पुढे हे पाणी हजार कामांना लागतं, उसाला, कारखान्यांना, इचलकरंजीच्या सायझिंगला, आणि तितकंच मळून वाडीला कृष्णेत पोहोचतं. उन्हाळ्याच्या झऱ्यावर साबण न लावणारे आजोबा इथे असते तर काय म्हणाले असते, हे विचारायची गरज नाही. तिथे पाणी कुठून येतं हे डोळ्यांनी दिसत नाही, म्हणून लोक त्याला जपतात. इथे ते कुठून येतं हे शाळेतल्या नकाशातही आहे, तरी ते आपलं वाटत नाही. असं का, याचं उत्तर घाटावर बसलेल्या पोरांकडून नव्हे, आपल्याकडून यायला हवं.

ज्यांना ही सहल करायची आहे त्यांच्यासाठी: थंडीत जावं, पावसाळ्यात दोन्ही घाट देखणे असतात, पण दरडी येतात. झऱ्यावर भरपेट जेवून उतरू नये. चांदी घरी ठेवावी किंवा काकूंसारखी हिंमत करावी.

उद्या आंबा घाटानं तुरळ-राजवाडी. तिथलं पाणी साठ अंशांच्या आसपास, म्हणजे धारेखाली थेट बसायची सोय नाही, निववून घ्यावं लागतं. मामाच येणार आहेत. जाताना मलकापूरला थांबून विशाळगडाच्या वाटेची गोष्ट सांगतो, असं त्यांनी कबूल केलंय. त्यांच्या हिशेबानं ती गोष्ट साखरप्यापर्यंत पुरते.