घरातली एकच चाळिशी

जळगावचे आम्ही आणि धुळ्याची मामेभावंडं जमलो की दोन्ही घरांची एकच गोष्ट निघते. घरात माणसं पंधरा-वीस, चाळिशी एक. आमच्याकडे ती आबांची. ‘देशदूत’ आला की ते ओट्यावर बसून चष्मा चढवायचे. एका दांडीचा स्क्रू कधीच पडला होता, तिथे काळा दोरा गुंडाळलेला. चष्मा आठवडे बाजारातला. तरटावर मांडलेल्यांतला एकेक डोळ्यांवर लावायचा, विक्रेत्याने पुढे केलेल्या कागदावरची बारीक अक्षरं लागली की पैसे द्यायचे. नंबर कोण विचारतो!

बायकांना मात्र चष्मा नव्हता. आजीला, मोठ्या आईला, तिकडे मामींना, कुणालाच नाही. ‘तिला कुठं वाचायचंय?’ एवढ्यावर विषय मिटायचा. पण घरातलं सगळं बारीक काम त्यांच्याच हातात. कानबाईच्या रोटांचे गहू निवडायचे, उडदाच्या डाळीतले खडे काढायचे, गोधड्या शिवायच्या, लेकराच्या तळव्यातला बाभळीचा काटा काढायचा. आजी दोऱ्याचं टोक ओठांत ओलं करून चिमटीत वळायची, सुई उजेडाकडे धरायची आणि दोरा नेढ्याच्या शेजारून निघून जायचा. मग हाक यायची, ‘‘आठे ये रे भो, सुईमा दोरा टाकी दे.’’ दोरा ओवून आम्ही परत खेळायला पळायचो. तिला जवळचं दिसत नाही हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. त्यावर इलाज करावा, हे कुणाच्या मनात आलं नाही. फार तर गुलाबपाण्याचे दोन थेंब.

मोठी आई जेमतेम शिकलेली. औषधाच्या बाटलीवरचं वाचायला ती मूठ डोळ्यापुढे धरून बोटांमधल्या बारीक भोकातून बघायची. सप्टेंबर २०२४ मध्ये चाळिशी घालवणाऱ्या थेंबांची बातमी गाजली, तेव्हा मला ती मूठच आठवली. वयानुसार डोळ्यातलं भिंग ताठर होतं, जवळचं बघताना त्याला पुरेसा फुगवटा घेता येत नाही. थेंबांतलं पिलोकार्पिन बाहुली आक्रसवतं आणि त्या लहान भोकातून जवळचं काही तास स्पष्ट दिसतं. काचबिंदूवरचं हे जुनंच औषध. अमेरिकेने ते २०२१ मध्ये चाळिशीसाठी मान्य केलं. आपल्याकडे मुंबईच्या एन्टॉड कंपनीच्या ‘प्रेस्व्हू’ला परवानगी मिळाली होती, जाहिरातीतल्या दाव्यांवरून औषध महानियंत्रकांनी ती त्याच सप्टेंबरात स्थगित केली. या औषधाने डोकं दुखू शकतं, अंधारात कमी दिसतं. रात्री गाडी चालवणाऱ्याने जपलंच पाहिजे.

थेंब यायचे तेव्हा येवोत. आमच्या बायकांना बाजारातला तो साधा चष्मा मिळता तरी पुष्कळ होतं, याची हळहळ मला अजून वाटते. आसामच्या चहामळ्यांत चाळिशी ओलांडलेल्या मजुरांना जवळचे चष्मे दिले, तेव्हा चष्मा न मिळालेल्यांपेक्षा त्यांची पानं खुडण्याची गती पाचव्या हिश्श्याहून अधिक वाढली. २०१८ मध्ये ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मध्ये ते छापून आलं. मी हे धुळ्याला सांगितलं आणि मामेबहिणीने त्याच आठवड्यात मामींचे डोळे तपासून आणले. मामी सत्तरीच्या पुढच्या. चष्मा लागल्यावर त्यांनी आधी तांदळाचं ताट मांडीवर ओढलं आणि सुनेला विचारलं, ‘‘इतला खडा व्हतात का यामा?’’