काटा खाली आला तेव्हा...

मंडळी, गेल्या वर्षी मी 11 हजार पौंडांना एक मूर्खपणा विकत घेतला. नाव ट्रायम्फ स्टॅग, जन्मसाल 1973. मी नोकरीसाठी कॉव्हेंट्रीत राहतो आणि ही गाडीही इथेच, कॅनलीच्या कारखान्यात जुळलेली. मिकेलॉत्ती या इटालियन डिझायनरची आखणी, 3 लिटरचं व्ही-8 इंजिन, टप काढला की डोक्यावर आभाळ. 1971 च्या बॉन्डपटात ती दिसते. आणखी काय पाहिजे?

1970 ते 1977 या काळात सुमारे 26 हजार स्टॅग निघाल्या. इंजिनाची कीर्ती मात्र वाईट. ब्लॉक बिडाचा, हेडं ऍल्युमिनियमची, म्हणजे तापल्यावर दोघं कमीजास्त फुगणार. वॉटर पंप बसवलाय इंजिनाच्या पार वर, दोन हेडांच्या मधल्या खाचेत. पाणी जरा उतरलं की पंप नुसती हवा ढवळत बसतो. त्यात काही इंजिनांत पाण्याच्या वाटांमध्ये ओतकामाची वाळूच राहून गेलेली. टायमिंग चेन सैल होऊन घसरली तर पिस्टन व्हॉल्व्हवर आदळणार, ते वेगळंच. वैतागून कितीतरी मालकांनी आत चक्क रोव्हरचं व्ही-8 टाकलं.

मी म्हटलं, बग माहीत आहेत ना? मग झालं! न सापडलेल्या बगची भीती. यादी केली, आधीच्या मालकाच्या पावत्या तपासल्या. रेडिएटर नवा, चेन बदललेली, कूलंट दरवर्षी बदललेलं. घेतली.

सांगलीला फोन केला. मला वाटलं बाबा किंमत विचारतील. त्यांनी विचारलं, "पाणी बघतोस ना रोज?"

आमच्याकडे प्रीमियर पद्मिनी होती. बाबा रोज सकाळी बॉनेट उघडायचे, रेडिएटरचं झाकण काढून पाणी बघायचे, डिपस्टिक पुसायचे. आई म्हणायची, "देवपूजा माझ्यावर सोडलीय, हिची मात्र चुकत नाही." पाण्याचा तांब्या धरायचं काम माझं.

"हो बाबा, रोज बघतो," मी म्हणालो. साफ खोटं.

त्या आठवड्यात आमचं रिलीज होतं. गाडीखाली हिरवट थेंब दिसले होते. एका होजचा क्लॅम्प ढिला होता, स्क्रू ड्रायव्हरचं दोन मिनिटांचं काम. विकांताला बघू म्हणून सोडून दिलं आणि विकांताला न बघताच ऑक्सफर्डला निघालो. ऊन पडलं होतं हो! इंग्लंडमध्ये असं ऊन वाया घालवायचं नसतं.

मोटरवेवर तापमानाचा काटा चढायला लागला. पोटात गोळा आला. थांबावं की पुढच्या सर्व्हिसेसपर्यंत जावं? तेवढ्यात काटा आपणहून खाली आला. हुश्श! रेडिओ लावला आणि निघालो पुढे.

दोन मैलांवर बॉनेटखालून वाफ.

काटा खाली का आला, ते नंतर कळलं. सेन्सर पाण्याचं तापमान मोजतो. पाणीच उरलं नाही तर तो कोरडा पडतो आणि आकडा कमी दाखवतो. आमच्या ऑफिसात एकदा डॅशबोर्ड रात्रभर हिरवागार होता, कारण एरर पाठवणारा सर्व्हरच बंद पडला होता. त्यावर मीच सगळ्यांना लेक्चर दिलं होतं!

एक हेड सहज निघालं. दुसऱ्याचे तिरके स्टड गंजून चिकटलेले. मेकॅनिकने आठवडाभर तेल मुरवलं, मग कुठे ते हललं. हेड वाकलं होतं, ते घासून सपाट करावं लागलं. बिल 3 हजार पौंडांच्या घरात. गाडी विकायची जाहिरातही लिहून ठेवली होती.

शेवटी बाबांना खरं सांगितलं. ते थोडा वेळ गप्प बसले.

"थेंब दिसले होते?"

"हो."

"आणि मला म्हणालास रोज बघतो."

मी काही बोललो नाही. मग म्हणाले, "अरे, रागावलो नाही. पण तू फोनवर 'सगळं ठीक आहे' म्हणतोस, तेव्हा मी ते खरं धरून झोपतो."

पैशांपेक्षा हे जास्त लागलं.

जाहिरात टाकली नाही. पाणी कमी झालं की वाजणारा बजर बसवलाय, पण बजरवर भिस्त ठेवत नाही. इंजिन थंड असताना झाकण उघडून डोळ्यांनी बघतो. आणि रविवारी बाबांनी विचारलं की "ठीक आहे" म्हणायच्या आधी जरा थांबतो. या रविवारी सांगितलं, झोप नीट लागत नाहीये.

असो. कूलंट अर्धा कप घालावं लागलं. कुठून गेलं, ते शोधायचंय.