यादीतली चौदा नावे

जालन्यात मराठी शिकविणाऱ्याला रामदास टाळता येत नाहीत. जांब हे त्यांचे जन्मगाव याच जिल्ह्यातले, घनसावंगी तालुक्यातले. त्यामुळे दासबोधाविषयी येथे प्रत्येकाला काही ना काही म्हणावयाचे असते, आणि ते बहुधा ग्रंथ न उघडताच म्हटले जाते. २० दशक, २०० समास. कोणता शब्द कोठे, कोणत्या रूपात आणि किती वेळा येतो हे विद्यार्थ्याने स्वतः पाहावे, या हेतूने आम्ही २०१८ साली एक शब्दसूची करावयास घेतली. ती संगणकावर करावी ही कल्पना एका विद्यार्थ्याची. प्रत्ययांचे नियम आम्ही सांगावे आणि त्याने ते पायथन भाषेत उतरवावे, अशी वाटणी ठरली. सात छोट्या मॉड्यूलांचा एक संच तयार झाला. प्रयोगशाळेतल्या लिनक्स यंत्रांवर तो एका आज्ञेने बसविता यावा, म्हणून त्याचे आरपीएम पॅकेज बांधावयाचे होते. विद्यार्थ्याने ते आपल्या घरच्या यंत्रावर बांधून दाखविले होते.

पुढे आम्ही विभक्तीच्या दोन-तीन नियमांत दुरुस्ती केली आणि पॅकेज आमच्या यंत्रावर पुन्हा बांधू गेलो. बांधणी शेवटाशी येऊन मोडली. फाइल सापडत नाही, फाइल सापडत नाही, असे चौदा वेळा. नावे आमच्याच मॉड्यूलांची होती, परंतु प्रत्येकाच्या शेवटी आम्ही कधी न लिहिलेले 'पीवायसी' हे शेपूट होते. आम्ही असा अर्थ लावला की या चौदा फाइली विद्यार्थ्याने आम्हांस दिल्याच नाहीत. त्याला तसे पत्र धाडले. 'काम पूर्ण करून द्यावयास शिकावे' असे एक वाक्य त्यात होते.

दोन दिवसांनी त्याचे उत्तर आले. 'सर, माझ्याकडून काही राहिले असेल तर क्षमा करावी,' एवढीच प्रस्तावना, आणि सोबत त्याच्या यशस्वी बांधणीची पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंतची नोंद. आता ज्याने पाठचिकित्सा शिकविण्यात उमेद घालविली, त्याच्यापुढे एकाच संहितेच्या दोन प्रती आल्या की तो दुसरे काय करणार? दोन्ही नोंदी छापून घेतल्या आणि ओळीस ओळ लावून वाचल्या. शेकडो ओळी सारख्या होत्या. मात्र आमच्या प्रतीत एक ओळ अधिक होती. बाइट-भाषांतर बंद आहे, सबब वगळले, अशा अर्थाची. ती चूक म्हणून नव्हे, नुसती सूचना म्हणून आली होती. म्हणूनच आमच्या डोळ्यांनी ती ओलांडली होती.

ज्यांना संगणकाशी कर्तव्य नाही त्यांच्यासाठी थोडे सांगितले पाहिजे. पायथन मूळ संहिता जशीच्या तशी चालवीत नाही. आधी ती एका मधल्या, यंत्राला सोयीच्या भाषेत उतरविते; तिला बाइटकोड म्हणतात. तेच भाषांतर पुन्हा पुन्हा करावयास नको म्हणून ते एका उपफोल्डरात साठविले जाते, आणि त्याच्या शिरोभागी मूळ फाइलीची वेळ व आकार नोंदलेला असतो. मूळ बदलले की जुने भाषांतर बाद. ही साठवण नको असेल तर २००८ साली आलेल्या २.६ या आवृत्तीपासून एक सोय आहे : 'पायथन-डोन्ट-राइट-बाइटकोड' हे चल वातावरणात ठेवावे.

ते आमच्या यंत्रात कोणी ठेवले होते? आम्हीच, वर्षभरापूर्वी. पेनड्राइव्हवरून संहिता वाटताना हे उपफोल्डर सोबत जात, आणि ते आम्हांस केरासारखे वाटत. मूळ तेवढे खरे, त्यापासून निपजलेले सारे उष्टे, हा साहित्याच्या माणसाचा जुना सोवळेपणा आहे. ती ओळ आरंभीच्या फाइलीत लिहिली आणि विसरलो.

पण भाषांतर न होणे हा काही अपराध नव्हे; त्याने कार्यक्रम थोडा सावकाश सुरू होतो इतकेच. बांधणी मोडली ती निराळ्या कारणाने. डिस्टयुटिल्स या तेव्हाच्या साधनात फाइली बनविणारा एक भाग होता आणि बसविलेल्या फाइलींची यादी देणारा दुसरा. पहिला आमचे चल पाहून थांबे. दुसरा ते पाहतच नसे. भाषांतर करावयाचे ठरले आहे ना, मग झालेच असणार, असे धरून तो नावे लिही. आरपीएमसाठी साधे आणि संक्षेपित अशी दोन भाषांतरे मागितली जात. सात मॉड्यूलांची चौदा नावे ती ही. यादी मग आरपीएमच्या हाती जाई, आणि आरपीएम बिचारे यादीवर विश्वास ठेवून एकेक फाइल शोधू लागे.

कारण कळल्यावर आम्ही घाईने त्या चलाची किंमत शून्य केली. बांधणी पुन्हा मोडली. आमच्या ३.६ या आवृत्तीत त्या जागी रिकामे नसलेले काहीही असले तरी त्याचा अर्थ 'होय' असाच होता. शून्यही त्यातच आले. चल समूळ काढावे लागले, तेव्हा कोठे पॅकेज बांधले गेले. काही लिनक्स-वितरणे बांधणीच्या अखेरीस बाइट-भाषांतर आपले आपण करून घेतात. तशा यंत्रावर हा घोटाळा आमच्या कधी दृष्टीसच पडला नसता, आणि पत्रही गेले नसते.

दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेवर आहे. अक्षर आरंभापासून अखेरपर्यंत एकसारखे असावे, ओळींमधले अंतर, शाई, कागद, सारे तेथे आले आहे. जुने लेखनिक प्रत संपवून जसे पाहिले तसे लिहिले, दोष आमचा मानू नये, अशी कबुली देत. ती आम्हांस नेहमी पळवाट वाटे. आता तसे वाटत नाही. निदान पाहून लिहिले एवढे तर तो माणूस छातीठोकपणे म्हणू शकत होता. डिस्टयुटिल्सच्या यादीला तेही म्हणता आले नसते. आमच्या पत्रालाही नाही. विद्यार्थ्याने दिलेला फोल्डर उघडून न पाहताच ते लिहिले होते.

२०२३ साली आलेल्या ३.१२ या आवृत्तीत डिस्टयुटिल्स पायथनमधून काढून टाकण्यात आले. आता संच बहुधा व्हील या रूपात वाटले जातात. त्यात नियमाने मूळ संहिताच असते. भाषांतर बसवितेवेळी पिप करते, आणि भाषांतरित फाइल जागेवर आहे याची खात्री करूनच तिचे नाव यादीत घेते.

विद्यार्थ्याला आम्ही दुसरे पत्र लिहिले, पहिल्यापेक्षा पुष्कळ मोठे. त्याचे उत्तर एका ओळीचे होते. सप्तमीच्या नियमात 'मधी' हे रूप राहून गेले आहे, ते घ्यावे का, असे त्याने विचारले होते.