टोचा नव्हे, आडवा धागा

मुंबईहून सुरतेला येताना सचिन गेलं की भेस्तान लागतं आणि मग उधना. उधना, लिंबायत, पांडेसरा, भेस्तान या सगळ्या पट्ट्यात जळगाव, धुळे, नंदुरबारकडची माणसं गल्लोगल्ली राहतात. उधन्याहून जळगावकडे जाणारा तापी खोऱ्यातला रेल्वेमार्ग त्यांना इथं घेऊन आला आणि लूमने त्यांना इथं ठेवून घेतलं. माझ्या टेबलामागच्या भिंतीपलीकडे दिवसरात्र लूम चालतात. इंग्रजीतून मराठीत अनुवाद करायचं माझं काम त्या खडखडाटातच होतं.

नेट इथं येऊन-जाऊन असतं, म्हणून जुन्या कॉम्प्युटरवर लिनक्स घातलं तेव्हा सोबत एक बिननेटचा शब्दकोश घेतला. त्याचं नाव ‘अर्थ’. इंग्रजी समानार्थी शब्दांच्या कोशाला असं संस्कृत नाव बघून मला फार बरं वाटलं होतं. कुठल्याही खिडकीतला शब्द निवडायचा, कंट्रोल, आल्ट आणि डब्ल्यू ही तीन बटणं एकत्र दाबायची, की शब्दाच्या सगळ्या अर्थच्छटा समोर. खाली वेगवेगळे कप्पे: समानार्थी, विरुद्धार्थी, हा कशाचा प्रकार, याचे प्रकार कोणते, हा कशाचा भाग. अडलेला शब्द सुटायला दोन सेकंदही लागत नाहीत.

पण जो शब्द अडलाच नाही, त्याचं काय?

लूमच्या एका यंत्राची सूचनापुस्तिका माझ्याकडे मराठीत करायला आली होती. यंत्र का थांबतं याचा एक तक्ता त्यात होता. एका ओळीत दोनच शब्द: ‘ब्रोकन पिक’. पिक म्हणजे टोकदार हत्यार हे मला शाळेपासून पाठ. मी बेधडक लिहिलं, ‘टोचा मोडणे’. तीन बटणं दाबायचा विचारही मनात आला नाही.

शेजारचा एक कारागीर रात्रपाळी संपवून सकाळी घरी जाताना माझ्याकडे डोकावतो. शिंदखेड्याकडचा आहे आणि घरात अहिराणीच बोलतो. कारखान्याच्या भाषेत बसतंय का हे पाहायला मी त्याला तक्ता वाचून दाखवला. त्या ओळीवर त्याने मला थांबवलं.

“भाऊ, टोचा नही शे तो. आडा धागा शे.”

मग त्याने हवेत हात आडवा फिरवून दाखवला. उभे धागे म्हणजे ताणा, ते बीमवरून येतात. त्यांच्यामधून जो धागा एका फेकीत आरपार जातो, तो एक पिक. तो तुटला की लूम आपोआप थांबते. एका इंचात किती पिक बसतात, त्यावर कापड दाट की विरळ ते ठरतं.

तो गेल्यावर मी ‘पिक’ निवडून बटणं दाबली. निवड, तोडणीत हाती आलेलं पीक, सगळ्यांतलं उत्तम, तंतुवाद्य छेडायची नखी, कुदळ. आणि त्याच यादीत ‘वेफ्ट’, ‘वूफ’, ‘फिलिंग’ या शब्दांच्या पंगतीत बसलेला आमचा आडवा धागा, व्याख्येसकट. तो पहिल्यापासून तिथंच होता. माहीत असलेला शब्द म्हणून मी तो पाहिलाच नव्हता. तेव्हापासून मी उलटं करतो: जो शब्द मला पक्का येतो असं वाटतं, तो आधी तपासतो.

त्या आठवड्यात पुस्तिकेतले असे सगळे सोपे शब्द मी पुन्हा काढले. ‘वार्प’ म्हणजे ताणा, पण लाकडाला आलेला बाकही वार्पच आणि मनाचा वाकडेपणाही. ‘लूम’ क्रियापद झालं की संकट डोक्यावर घोंघावू लागतं. ‘लूम’च्या प्रकारांचा कप्पा उघडला तर हातमाग निघाला, जेकार्ड निघाला. उलट वर चढत गेलं तर लूम हे कापडउद्योगातलं यंत्र, ते एक यंत्र, ते एक साधन, अशी वंशावळ लागते.

ही वंशावळ ‘अर्थ’ची स्वतःची नाही. तिच्या मागे ‘वर्डनेट’ आहे. अमेरिकेतल्या प्रिन्स्टन विद्यापीठात मानसशास्त्रज्ञ जॉर्ज मिलर यांनी 1985 मध्ये ते काम सुरू केलं. माणसाच्या मनात शब्द अकारविल्हे ठेवलेले नसतात, ते नात्यांनी बांधलेले असतात, ही त्यामागची धारणा. वर्डनेटच्या 3.0 आवृत्तीत अशा समानार्थी शब्दांचे 1,17,659 गट आहेत. आपल्याकडे आयआयटी मुंबईत पुष्पक भट्टाचार्य आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच धर्तीवर हिंदीचं आणि मग मराठीचं जाळं विणलं. मराठीच्या जाळ्याचं नाव ‘शब्दबंध’. मला हे नाव ‘अर्थ’पेक्षाही आवडतं, कारण त्यात विणकाम आहे.

आणि ही रीत आपल्याला नवी थोडीच आहे? अमरकोशात शब्द वर्गांनी लावलेले आहेत. त्यात विणकराला ‘तंतुवाय’ आणि ‘कुविंद’ अशी दोन नावं आहेत, आणि त्याच्या शेजारीच शिंपी बसवला आहे. सुरतेच्याच नर्मदने 1873 मध्ये गुजरातीचा ‘नर्मकोश’ पुरा केला, तोही जवळपास एकट्याच्या बळावर. त्याच्या शहरात राहून शब्द न तपासता लिहिणं मला आता बरं वाटत नाही.

तक्त्यातली ओळ मी बदलली: ‘आडवा धागा (पिक) तुटणे’. कंसातला शब्द मुद्दाम ठेवला, कारण कारखान्यात तोच चालतो. शेजाऱ्याने ती वाचून मान हलवली. आता आमची एक वही आहे. तो कारखान्यातला शब्द आणतो, मी ‘अर्थ’ उघडतो. धोट्यासमोर ‘शटल’ लिहून झालं, फणीसमोर ‘रीड’.

परवा त्याने विचारलं, ताक्याला इंग्रजीत काय म्हणतात? मी ‘बोल्ट’ टाईप केलं. नट-बोल्टातला बोल्ट आला, दाराची कडी आली, कडाडणारी वीज आली, आणि त्यांच्यातच कापडाची ठरावीक लांबीची गुंडाळी. त्याने वहीत ‘ताका’ लिहिलं, पुढे ‘बोल्ट’.

“ठरावीक म्हणजे कितला मीटर?” त्याने विचारलं.

ते पडद्यावर नव्हतं. त्याने तिथं जागा मोकळी सोडली. आज पाळीवर जाऊन तो मास्टरला विचारणार आहे.