सोंगाची शिदोरी

प्रवासाला निघण्यापूर्वी सामानाची यादी करणारे आणि न करणारे, असे माणसांचे सरळ दोन वर्ग पडतात. पहिल्या वर्गातली माणसे ती यादी घरीच विसरतात आणि दुसऱ्या वर्गातली माणसे मुक्कामी पोचल्यावर पहिल्या वर्गाकडे टॉवेल मागतात! आमच्या घरात यादी अशी कधी कागदावर झालीच नाही. कारण कागदावर लिहिणारा घरातला पहिला माणूस मीच. आईची यादी बोटांच्या पेरांवर असते आणि बाबांची त्यांच्या पत्र्याच्या पेटीत. तरीही परगावी सोंग घेऊन जायचे झाले तर बरोबर काय न्यावे, याबद्दल चार शब्द लिहावेत असे फार दिवस मनात आहे. विषय क्षुल्लक आहे खरा. पण सामान भरताना घरातले न बोललेले पुष्कळ काही बाहेर पडते, असा माझा अनुभव आहे.

गेल्या वर्षी मी मुंबईच्या कॉमिक कॉनला गेलो होतो. हे काय प्रकरण आहे, असे वर्गातल्या बऱ्याच जणांनी विचारले. सोप्या भाषेत सांगायचे तर चित्रकथा, चित्रपट, मोबाईलवरचे खेळ यांच्या चाहत्यांची ही जत्रा. फरक इतकाच, की आपल्या जत्रेत सोंगे मांडावर असतात आणि प्रेक्षक खाली बसतो. इथे प्रेक्षकच सोंग घेऊन येतो. १९३९ साली न्यूयॉर्कमध्ये विज्ञानकथांच्या वाचकांचे पहिले जागतिक संमेलन भरले, तेव्हा फॉरेस्ट अ‍ॅकरमन आणि मर्टल डग्लस हे दोघे भविष्यकाळातील माणसांचे वेष घालून आले होते. फोटोत मिरवले ते अ‍ॅकरमन. वेष शिवले होते डग्लसबाईंनी. पुढे ऐंशीच्या दशकात जपान्यांनी ‘कॉश्च्यूम’ आणि ‘प्ले’ या दोन इंग्रजी शब्दांची मोडतोड करून या छंदाला ‘कॉसप्ले’ हे नाव दिले. भारतातली पहिली कॉमिक कॉन २०११ साली दिल्लीत भरली. आता मुंबई, बंगळूर, हैदराबाद अशा शहरांतही ती भरते.

मी सोंग घेतले ते वेतालाचे. आमच्या पिढीला हे नाव फारसे ठाऊक नसेल. पण आपल्या प्राध्यापकांपैकी काहींचे डोळे नक्की चमकतील. ली फॉक यांनी १९३६ साली अमेरिकन वृत्तपत्रातल्या चित्रमालिकेसाठी ‘फँटम’ निर्माण केला. १९६४ साली सुरू झालेल्या इंद्रजाल कॉमिक्सने त्याला भारतात घरोघर पोचवले आणि मराठीत तो वेताळ झाला. १९९० साली ही पुस्तके बंद पडली. मामाच्या माळ्यावर त्यातली अकरा मला सापडली, सातवीत असताना. जांभळा अंगरखा, डोळ्यांवर काळी पट्टी, कवटीची अंगठी. लोक समजतात की वेताळ चारशे वर्षे जिवंत आहे. खरी गोष्ट अशी, की बाप मेला की मुलगा तोच वेष अंगावर चढवतो. आताचा वेताळ एकविसावा.

इथे आमच्या घरची थोडी हकीकत सांगणे भाग आहे. माझे बाबा दशावतारात काम करतात. त्यांचे वडील करीत, आजोबाही करीत. कार्तिकात जत्रा सुरू झाल्या की पावसाळ्याच्या तोंडापर्यंत बाबांची रात्र मांडावर आणि सकाळ एसटीत किंवा टेम्पोत. बाबा राजाचे काम करतात, विष्णूही करतात. विष्णू झाले की बायाबापड्या त्यांच्या पाया पडतात. “आणि सकाळी दुकानावर उधारी मागूक गेलंय, की तीच माणसा वळखीत नाय,” असे ते म्हणतात. ते हे हसत सांगतात. पण मला कॉलेजात घातले त्या दिवशी ते हसले नव्हते. “तुझ्या तोंडाक रंग लागता नये,” एवढेच म्हणाले होते.

असा मी, बी.ए.च्या दुसऱ्या वर्षात, शिकवणीचे पैसे साठवून जांभळे कापड घेऊन आलो, तेव्हा घरात काय झाले असेल याची कल्पना वाचकांनी करावी. बाबांनी आवाज चढवला नाही. त्यांनी व्यवसायाचा प्रश्न विचारला, “रातीक किती गावतत?” मी सांगितले, काही मिळत नाही, उलट आपणच तिकीट काढून आत जायचे. बाबा बराच वेळ विचार करीत राहिले. “म्हणजे सोंग आपला, घाम आपलो, नि पैसेय आपलेच?” मग वेतालाची कथा ऐकून घेतली आणि म्हणाले, “एकवीस पिढ्यो? एकाकय दुसरा काम गावला नाय?”

मी हसलो, पण त्या रात्री मला झोप आली नाही. जो वेष आपल्या मुलाच्या वाट्याला येऊ नये म्हणून हा माणूस तीस वर्षे रात्री जागला, तसलाच वेष मुलगा हौसेने शिवतो आहे! ज्याला सोंगावाचून भाकरी नाही आणि ज्याला सोंग म्हणजे रविवारची मौज, त्या दोघांमध्ये केवढे अंतर! ते अंतर माझ्या शिक्षणानेच निर्माण केले होते आणि ते बाबांच्याच पैशांनी झाले होते.

दुसऱ्या दिवशी बाबांनी एकच गोष्ट विचारली, “तोंडाक रंग नाय मां?” नाही, नुसती पट्टी आहे, असे मी सांगितले. त्यानंतर ते माझ्या पिशवीजवळ येऊन बसले. आता जे लिहितो आहे, ती यादी त्यांची आहे. मी फक्त ती कागदावर उतरवली.

पहिला मान पायांचा. नवख्या माणसाचे सगळे लक्ष मुकुटाकडे असते, असे बाबा म्हणतात. जुना माणूस आधी पाय बघतो. वेतालाचे काळे बूट मी शेतातल्या गमबुटांवरच भागवले होते. ते दिसतात झकास. पण सहा तास सिमेंटच्या जमिनीवर उभे राहायचे म्हणजे पायांची उकड होते. म्हणून दोन जोड सुती मोजे, थोडी पावडर आणि परतीसाठी जुन्या चपला. आजीने तर यात देवालाच साक्षीला आणले. आमच्या आरवलीच्या वेतोबाला नवसाच्या भल्यामोठ्या चपला वाहतात. रात्री तो गावाची राखण करीत फिरतो आणि चपला झिजतात, अशी श्रद्धा आहे. “वेतोबाक पण व्हाणा लागतत, झिला. तुका नको?” यावर कोण काय बोलणार?

दुसरी गोष्ट वरचा कपडा. सोंग घालून रस्त्याने जाऊ नये; गर्दीत ते फाटते, मळते आणि मांडावर जाण्यापूर्वीच शिळे होते. वेताळदेखील शहरात येतो तेव्हा अंगरख्यावर ओव्हरकोट चढवतो, टोपी आणि काळा चष्मा घालतो. मुंबईच्या उकाड्यात ओव्हरकोट कुठला? बाबांचा एक ढगळ सदरा घेतला. डोळ्यांची पट्टी आणि टोपडे चेपू नये म्हणून आईने अ‍ॅल्युमिनियमचा जेवणाचा डबा रिकामा करून दिला. कडक वस्तू कडक डब्यात, मऊ वस्तू तिच्याभोवती, हा बाबांच्या पेटीचा नियम. मुकुट मध्ये आणि धोतरे, शेले त्याच्या चारी बाजूंना.

तिसरी गोष्ट सभ्य मासिकात कशी लिहावी हे कळत नाही. पण तिच्याइतकी महत्त्वाची दुसरी नाही. राजालाही नैसर्गिक विधी चुकत नाहीत. मी मानेपासून घोट्यापर्यंत एकसंध अंगरखा शिवायला निघालो होतो. बाबांनी तो कमरेत दोन तुकड्यांत करायला लावला आणि सांधा पट्ट्याखाली लपवला. दिवसभरात मी त्यांना मनोमन निदान तीनदा धन्यवाद दिले. सोंग उतरवायला त्रास होतो म्हणून पाणीच न पिणारी माणसे असतात. तीच दुपारी भोवळ येऊन बसतात. पाण्याची बाटली, गूळ-शेंगदाणे आणि बिस्किटाचा पुडा हवाच. सोंग जेवत नाही. पण आतल्या माणसाला भूक लागते.

चौथी गोष्ट सुई. साधी सुई, दाभण, मेण लावलेला जाड दोरा, सेफ्टी पिना, चिकटपट्टी आणि छोटी कात्री. “सोंग फाटता ता लोकांच्या देखत, शिवूचा मात्र आपणच,” हे त्यांचे वाक्य मी वहीत लिहून ठेवले आहे. त्याबरोबर खोबरेल तेलाची बाटली. रंग नाही तर तेल कशाला, असे मी म्हणालो. तर पट्टी डिंकाने चिकटवणार ना, मग सोडवणार कशाने, असे उत्तर आले.

आणि जे नेऊ नये तेही यादीतच धरावे. वेतालाच्या कमरेला दोन पिस्तुले असतात. अशा संमेलनात दारावर शस्त्रांची तपासणी होते. खरे किंवा धारदार हत्यार चालत नाही. त्यातून रेल्वे स्टेशनवर खोट्या पिस्तुलाचा खुलासा करीत बसण्याची हौस मला नव्हती. म्हणून कमरेच्या दोन्ही म्यानांपैकी एकात सुई-दोऱ्याची डबी आणि दुसऱ्यात बिस्किटाचा पुडा ठेवला. जगाच्या इतिहासात इतका निरुपद्रवी वेताळ झाला नसेल!

तुतारी एक्सप्रेसने रात्रभर बसून सकाळी दादरला उतरलो आणि मामाकडे तोंड धुऊन निघालो. आत शिरल्यावर पहिल्यांदा छाती दडपलीच. चारी बाजूंना इंग्रजी, आणि मुलांच्या अंगावर पाच आकडी किमतीचे वेष. माझे जांभळे कापड साडेतीनशे रुपयांचे होते. एका जाडजूड चष्मेवाल्या गृहस्थांनी मात्र लांबून “अरे, वेताळ!” अशी हाक मारली आणि पन्नाशी उलटलेला तो माणूस माझ्याबरोबर फोटो काढताना अगदी शाळकरी मुलगा झाला.

दुपारी माझ्याशेजारी उभ्या असलेल्या एका मुलाच्या फोमच्या चिलखताचा खांद्यावरचा पट्टा तुटला. अर्ध्या तासात त्याला स्पर्धेसाठी व्यासपीठावर जायचे होते. ते चिलखत त्याने चार महिने रात्री जागून बनवले होते आणि आता तो दोन्ही हातांनी ते छातीशी धरून उभा होता. गोंद वाळायला वेळ नव्हता. मी कमरेच्या म्यानात हात घातला आणि दाभण काढली. फोमला साधी सुई चालत नाही, ती वाकते; दाभणीने आधी भोक पाडून मग दोरा ओवावा लागतो. पट्ट्याला शेवटी दुहेरी उलटी गाठ मारावी, ती ओढल्याने आवळते. हे मी कुठल्या पुस्तकात वाचलेले नाही. लहानपणी मांडामागे बत्तीच्या उजेडात बाबांच्या मांडीवर डोके ठेवून अर्धवट झोपेत पाहिलेले आहे. हात आपोआप चालले. त्यानंतर एका मुलीचे पंख आले, एका राक्षसाची शेपटी आली. संध्याकाळपर्यंत माझा दोरा संपला. त्या मुलांपैकी एकाने विचारले, “हे तू कुठे शिकलास?” मी म्हणालो, “घरी. आमचा तिसऱ्या पिढीचा धंदा आहे.” हे वाक्य मी कॉलेजात आल्यापासून कुणासमोर बोललो नव्हतो. ते इंग्रजीत कसे म्हणायचे याचा विचार करावा लागला नाही. मराठीतच म्हणालो आणि ते त्याला कळले.

घरी आल्यावर बाबांना सगळे सांगितले. त्यांनी शाबासकी वगैरे दिली नाही. आमच्याकडे ती पद्धत नाही. “दाभण हाडलंस मां परत?” एवढेच विचारले. मी डबी पुढे केली. त्यांनी ती उघडून दाभण बोटावर तपासली आणि दोरा संपलेला पाहून काही न बोलता आपल्या रिळावरून नवा दोरा डबीत गुंडाळला. मग ती डबी स्वतःच्या पेटीत न ठेवता माझ्या वह्यांच्या फळीवर ठेवली.

बाबांचा निश्चय काही बदललेला नाही. मी परीक्षा द्यावी, नोकरी धरावी, दर रात्री तोंडाला रंग लावून पोट भरण्याची वेळ माझ्यावर येऊ नये, असेच त्यांना वाटते. आणि मलाही ते पटते. एकविसाव्या वेतालाला दुसरा मार्ग नव्हता, मला आहे. पण धंदा सोडता येतो म्हणून हात टाकून द्यावे लागत नाहीत, एवढे मला त्या दिवशी उमगले.

यंदाच्या हंगामासाठी मीही त्यांच्या पेटीत एक-दोन नव्या वस्तू घातल्या. मोबाईल चार्ज करण्याची बॅटरी त्यांना फार आवडली; टेम्पोत ती सगळ्या मंडळींमध्ये फिरते. रंग पुसण्याच्या ओल्या कागदांचे पाकीट मात्र एका रात्रीत परत आले. खोबरेल ते खोबरेलच, असा निकाल लागला. तेव्हा मित्रहो, सोंग कुणाचेही घ्या, बाटली तेवढी विसरू नका. आणि तिचे झाकण घट्ट लावा.