माहेरच्या वाटेवरचे पेट्रोल

जर्मनीला गेलेला आपला माणूस बहुधा बर्लिन पाहतो, म्युनिक पाहतो, ऱ्हाईन नदीच्या बोटीत बसून काठावरचे पडके किल्ले मोजतो आणि परत येतो. मानहाइमला मुद्दाम कोणी जात नाही. ऱ्हाईन आणि नेकार यांच्या संगमावरचे हे शहर मोठे गमतीचे आहे. त्याच्या जुन्या भागात बहुतेक रस्त्यांना नावेच नाहीत! बुद्धिबळाच्या पटासारखे चौकोन आखले आहेत आणि प्रत्येक चौकोनाला एक अक्षर व एक आकडा दिला आहे. पत्ता विचारावा, तर 'क्यू ७' किंवा 'पी ५' असे उत्तर मिळते. पुण्याच्या पेठांत जन्म काढलेल्या माणसाला हे म्हणजे इस्पितळातल्या खाटेचा नंबर सांगितल्यासारखे वाटते.

परंतु चाकांच्या इतिहासात या गावाचा मान फार मोठा. १८१७ साली कार्ल ड्राइस नावाचा गृहस्थ पायांनी जमीन रेटीत चालवायच्या लाकडी दुचाकीवर बसून याच गावातून दौडला. ती आजच्या सायकलची आजी. पुढे १८८६ साली कार्ल बेंझने ज्या तीनचाकी मोटारीचे पेटंट घेतले, ती मोटारही इथलीच.

माझा भाचा या गावी नोकरी करतो. त्याच्या दारात दोन मोटारी आहेत. एक धाकटी, कामाची; तिच्यातून तो रोज कचेरीत जातो. दुसरी पोर्श. सात वर्षे पैसे साठवून त्याने ती जुनी का होईना, पण विकत घेतली. तिच्यावर त्याचा जीव आहे. भाचेसून नगरची. हिशेबाला पक्की. मी पोहोचलो त्याच आठवड्यात त्या घरात एक वाद धुमसत होता. माझी ताई, म्हणजे भाच्याची आई, पुण्यात एकटी राहते. तिला कायमचे इकडे आणायचे, तर मोठे बिऱ्हाड हवे. मोठ्या बिऱ्हाडाला भाडे जास्त. मग पोर्श ठेवायची की विकायची?

"मामा, तुम्हीच सांगा," भाचेसून म्हणाली, "दोन गाड्या पोसायच्या म्हणजे पेट्रोलात किती पैसा जातो! आणि यांना पंपावर सगळ्यांत महाग नळीच दिसते."

"अगं, ती घोडी आहे. तिला कडबा घालून कसं चालेल?" भाचा म्हणाला.

भाच्याने तो विषय तिथेच थांबवला आणि रविवारी मला फोर्झहाइमला नेण्याचा बेत जाहीर केला. मे महिना होता. हवा उबदार होती. भाचेसून मागच्या चिमुकल्या सीटवर कशीबशी मावली आणि आम्ही निघालो.

ही वाट साधी नव्हे. १८८८ सालच्या ऑगस्टमध्ये कार्ल बेंझची पत्नी बेर्टा आपल्या पंधरा आणि तेरा वर्षांच्या दोन मुलांना घेऊन नवऱ्याच्या मोटारीतून याच वाटेने गेली. नवऱ्याला न विचारता! शंभर किलोमीटरांहून जास्त अंतर. त्यापूर्वी मोटारीने इतका लांबचा प्रवास कोणी केला नव्हता. आणि ती निघाली होती कुठे? तर फोर्झहाइमला, आपल्या आईकडे. म्हणजे वाचकहो, जगातली पहिली लांब पल्ल्याची मोटारयात्रा ही माहेरची वाट होती! आणखी एक गोष्ट सांगतो. लग्नाआधीच आपल्या हुंड्याची रक्कम मागून घेऊन ती तिने बेंझच्या धंद्यात घातली होती. मोटार नवऱ्याच्या डोक्यातून निघाली खरी. पण तिच्याखाली पैसा होता बायकोचा.

हायडेलबर्ग मागे टाकून आम्ही वीस्लोख या गावी उतरलो. बेर्टाचे इंधन इथे संपत आले होते. पेट्रोलपंप ही वस्तूच तेव्हा जगात नव्हती. ती गेली औषधाच्या दुकानात. तेथे कपड्यांवरचे डाग काढण्यासाठी 'लिग्रोइन' नावाचे खनिज तेलापासून केलेले पातळ द्रव्य मिळे. तेच तिने विकत घेतले आणि मोटारीत ओतले. म्हणून या दुकानाला लोक जगातला पहिला पेट्रोलपंप म्हणतात. तिथे तिच्या स्मरणार्थ शिल्प उभे केले आहे. पुढे वाटेत इंधनाची नळी तुंबली, ती तिने टोपीच्या पिनेने मोकळी केली. चढावर मुलांनी उतरून गाडी ढकलली. ब्रेकचे लाकडी ठोकळे झिजले, तेव्हा चांभाराकडून त्यांवर कातडे ठोकून घेतले.

तिथे उभा असताना माझ्या मनात आले, या बाईला त्या दिवशी 'साधे की प्रीमियम?' असे विचारणारे कोणी नव्हते. आणि तिचे अडलेही नाही. का अडले नाही, याचे उत्तर गावाबाहेरच्या पंपावर मिळाले.

जर्मनीतल्या पंपावर नळ्यांची रांगच असते. सुपर ई १० म्हणजे ९५ ऑक्टेनचे, दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेले पेट्रोल. त्याच्या शेजारी तेच ९५चे, पण कमी इथेनॉलचे. मग सुपर प्लस, ९८ ऑक्टेनचे. काही पंपांवर त्याच्याही वर, १०० किंवा १०२. आकडा चढतो तशी किंमत चढते, आणि गिऱ्हाइकाची अशी समजूत होते की, पेट्रोलाची ताकदही चढत असणार.

ही समजूत खोटी आहे. इंजिनाच्या सिलिंडरमध्ये पेट्रोलची वाफ आणि हवा यांचे मिश्रण पिस्टन दाबून धरतो. मग ठिणगी पडते आणि ज्योत एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे पसरत जाते. लवंगी फटाक्यांची माळ आठवा. वात पेटवली की एकेक फटाका ओळीने उडावा, ही तिची शोभा. पण मधलाच झुबका आपण होऊन एकदम पेटला तर? इंजिनातही तसे घडते. दाबाने आणि उष्णतेने तापलेले मिश्रण ज्योत पोहोचण्यापूर्वीच भडकते आणि आतून टकटक ऐकू येते. त्याला नॉकिंग म्हणतात. ते वाढले तर पिस्टनचे वाटोळे होते. दाबाखाली धीर धरण्याची पेट्रोलची जी शक्ती, तिचे माप म्हणजे ऑक्टेन. आकडा ताकदीचा नव्हे, धीराचा!

याचा पुरावा आपल्या उसाच्या मळ्यात आहे. इथेनॉलचा ऑक्टेन पेट्रोलापेक्षा वरचढ. पण लिटरमागे त्यात ऊर्जा सुमारे एकतृतीयांशाने कमी. आकडाच ताकद असता, तर उलटे व्हायला हवे होते.

बेर्टाच्या मोटारीची शक्ती अडीच अश्वशक्तीच्या आसपास. तिच्यात मिश्रणावर दाब अगदी माफक पडे. तिथे डाग काढायचे द्रव्यही चालून गेले. आजच्या वेगवान मोटारीत मिश्रण दहा-बारा पटींनी दाबले जाते. तिला ते लिग्रोइन पाजले, तर ती ठोके देऊ लागेल. हा धीर वाढवण्यासाठी माणसाने काय काय केले! १९२१ साली अमेरिकेत टॉमस मिजली याने पेट्रोलात शिशाचे एक द्रव्य घालून नॉकिंग थांबवले. मोटारी सुखाने पळू लागल्या आणि शिसे मुलांच्या रक्तात जाऊ लागले. आपल्या देशात ते पेट्रोल २००० साली बंद झाले. जगातून ते पुरते जायला २०२१ साल उजाडले. शेवटचा देश अल्जीरिया. शंभर वर्षे आपण धीर विकत घेतला, तो असा महाग.

"पण तुझ्या घोडीचं काय?" मी भाच्याला विचारले.

त्याने पेट्रोलच्या टाकीचे झाकण उघडले. आत चिठ्ठी होती: ९८. मोटारीची पुस्तिका काढली. तीत लिहिले होते की, ९८ वापरावे. ९५ही चालेल, मात्र शक्ती थोडी कमी होईल. इंजिनावर एक छोटा कान बसवलेला असतो. टकटक सुरू झाली की तो ऐकतो आणि ठिणगी जरा उशिरा पाडतो. इंजिन वाचते, पण जोर कमी होतो आणि पेट्रोल किंचित जास्त लागते. अमेरिकेतील मोटारचालकांच्या 'ट्रिपल ए' या संघटनेने २०१७ साली अशा, म्हणजे महाग पेट्रोलची शिफारस असलेल्या पण सक्ती नसलेल्या गाड्या तपासल्या. महाग पेट्रोलाने सरासरी शक्ती १.४ टक्क्यांनी वाढली आणि एका गॅलनमागचे अंतर २.७ टक्क्यांनी. आणि ज्या गाड्यांना त्याची शिफारसच नाही? त्यांत ते घालून अमेरिकनांनी वर्षभरात दोनशे दहा कोटी डॉलर उधळले, असा त्याच संघटनेचा २०१६ सालचा हिशेब.

"आता तुझी वही काढ," मी भाचेसुनेला म्हटले. हल्ली वही मोबाइलात असते. तिने वाचायला सुरुवात केली आणि दोन-तीन नोंदींतच थांबली. मग नवऱ्याकडे पाहू लागली.

प्रकार असा होता. शनिवारी बाजारहाटाला ती पोर्श घेऊन जाई आणि काटकसर म्हणून तिच्यात सगळ्यांत स्वस्त पेट्रोल भरी. हा गृहस्थ रोज धाकटीतून कचेरीत जाई आणि तिच्याकडे दुर्लक्ष होते म्हणून तिला मायेने ९८ पाजी! धाकटीच्या झाकणात तर ९५ची चिठ्ठी. म्हणजे कामाला जाणारीला शालू आणि लग्नाला निघालेलीला घरातले पातळ.

भाचा म्हणाला, "पण ९८नं तिचं इंजिन खूश राहतं!"

"खूश तू राहतोस," भाचेसून म्हणाली, "इंजिनाला काय कळतंय?"

तिने तिथेच आकडे मांडले. लिटरमागे दहा सेंटांचा फरक धरला आणि धाकटी वर्षाला हजार लिटर पिते असे धरले, तर शंभर युरो. त्यातून मोठे बिऱ्हाड काही होणार नाही; पण ताईच्या विमानाच्या तिकिटाला हातभार लागेल. उलट पोर्शला ९८ दिले, तर तिच्या थोड्याशा फिरण्यात खर्च फारसा वाढत नाही. तिच्या विक्रीचा प्रश्न पेट्रोलावर अवलंबून नाही, भाड्यावर आहे, हे दोघांनाही त्या पंपावर उमगले. इतके दिवस दोघे भांडत होती ती भलत्याच आकड्यावर.

आपल्याकडच्या वाचकांनी यातून एवढेच घ्यावे. २०२५ सालापासून आपल्या साध्या पेट्रोलात वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल आहे, आणि १०० ऑक्टेनचे पेट्रोलही २०२०पासून मिळते. पंपावरचा मुलगा विचारील, तेव्हा त्याच्या तोंडाकडे पाहू नका. आपल्या मोटारीची पुस्तिका पाहा. अमेरिकेतला पाहुणा '९१ घाल' म्हणाला, तर तेही ऐकू नका. तिथला आकडा दोन मापांची सरासरी असतो; तिथले ९१ म्हणजे आपल्या मापाने ९५च्या आसपास.

फोर्झहाइमहून परतताना आम्ही मोठ्या हमरस्त्याला लागलो. वेगाची मर्यादा नसलेला पट्टा आला, भाच्याने पाय दाबला आणि मी डोळे मिटून रामरक्षा सुरू केली. हॉकेनहाइमला शर्यतींचे प्रसिद्ध मैदान आहे. त्याच्या अलीकडे पंपावर गाडी थांबली. भाचेसून मागून उतरली, स्वतः ९८ची नळी काढून पोर्शमध्ये लावली आणि काटा फिरत असताना नवऱ्याला म्हणाली, "आई येईपर्यंत राहू दे ही. त्या एकदा बसू देत. मग बघू."

भाचा काहीच बोलला नाही. त्याने मुकाट्याने खिशातून पाकीट काढले.