आईबोर्ड

2002 च्या दसऱ्यानंतर आम्ही गाभण कालवड विकली आणि चाळीतला राहिलेला कांदाही मोकळा केला. दोन्हीचे मिळून 27 हजार झाले. नानांनी ते धोतराच्या सोग्यात न बांधता आईच्या जुन्या पोलक्याच्या कापडात शिवून बनियनच्या आतल्या खिशात ठेवले. पारनेरहून पुण्याच्या एसटीत बसलो तेव्हा शिरूर येईपर्यंत त्यांचा हात छातीवरच होता.

मी बारावीनंतर तालुक्याला एका डीटीपीच्या दुकानात वर्षभर कामाला होतो. लग्नपत्रिका, सोसायटीचे अहवाल, दशक्रियेची कार्डं, सगळं यायला लागलं होतं. आता गावात स्वतःचं टाकायचं ठरवलं. तुळशीच्या लग्नानंतर पत्रिका सुरू होतात, त्याच्या आत संगणक घरात हवा होता. कंपनीचा तयार घ्यायचा तर परवडत नव्हता. सुटे भाग घेऊन जोडलेला, असेंबल म्हणायचे त्याला, तोच घ्यायचा होता.

शिवाजीनगरला उतरून चालत तपकीर गल्लीत गेलो. आमच्याकडे बैलबाजारात जशी दावण असते तशी तिथं दुकानांची दावण. मी कागदावर यादी केलेली होती: सेलेरॉन 1.7, 128 एमबी रॅम, 40 जीबीची हार्ड डिस्क, 15 इंची मॉनिटर. मदरबोर्डच्या पुढे मात्र प्रश्नचिन्ह होतं. कारण बाकीच्या वस्तूंना एक आकडा असतो, जास्त आकडा म्हणजे चांगलं. बोर्डाला तसा आकडाच नाही. आणि बोर्ड चुकला की बाकी सगळं चुकतं. प्रोसेसर त्यावर बसला पाहिजे, म्हणजे 478 छिद्रांचं सॉकेट हवं. रॅम जुन्या पद्धतीचा घ्यायचा की डीडीआर, तेही बोर्डच ठरवणार.

"हे काय असतं रं?" नानांनी विचारलं.

"मदरबोर्ड. सगळं ह्याच्यावर जोडायचं."

"म्हंजी आईबोर्ड," नाना म्हणाले. दुकानदार हसला. मला त्या वेळी लाज वाटली, हे कबूल केलं पाहिजे.

त्यानं दोन बोर्ड काउंटरवर मांडले. दोन्ही इंटेलच्या 845 चिपसेटचे, पण एकाच्या नावापुढे जी आणि दुसऱ्याच्या जीएल. चित्र दाखवायची सोय दोघांतही आतच होती. फरक एवढाच, की जीएलला एजीपीची खाच नाही. जीला ती होती. पांढऱ्या पीसीआय खाचांच्या वर एक तपकिरी खाच. त्या खाचेत पुढेमागे वेगळं ग्राफिक्स कार्ड बसवता येतं. आतली सोय वापरली की ती मुख्य रॅममधलाच थोडा घास खाते, वेगळं कार्ड आपली भाकरी आपण घेऊन येतं. हे सगळं मी मासिकात वाचलं होतं आणि नानांना मोठ्या ऐटीत सांगितलं. दोघांत 1,500 रुपयांचा फरक होता.

नानांनी बोर्ड हातात घेतला. बैलाचे दात बघायच्या आधी खूर बघायची त्यांची सवय. त्यांनी बोर्ड उलटा केला, मागचे टाके बघितले, परत सुलटा केला. प्रोसेसरच्या जागेशेजारी छोटी छोटी पिंपं ओळीनं उभी होती, त्यांच्यावर बोट ठेवलं. मग दुकानदाराला म्हणाले, "शेठ, ह्यातलं काय बिघाडलं तर आमच्या गावाकडं दुरुस्त व्हतंय का?"

"काका, बोर्ड दुरुस्त नाही करत कोणी. बदलतात."

नाना माझ्याकडे बघत राहिले. मी म्हणालो, "नाना, ती खाच लागंल पुढं. आत्ता नाही घेतली तर नंतर अख्खा बोर्ड बदलावा लागंल."

ते 1,500 रुपये उन्हाळी कांद्याच्या बियाण्याचे होते. पोलक्याच्या कापडात वेगळी गाठ मारून ठेवलेले. मला ते ठाऊक होतं. नानांनी शिवण दातानं तोडली आणि पैसे मोजले.

दुकानातल्या पोरानं समोर बसून जोडणी केली. कॅबिनेटच्या पत्र्याला आधी पितळी खुंट्या लावल्या, बोर्ड पत्र्याला टेकला तर शॉर्ट होतो म्हणून. येताना मॉनिटर गोधडीत गुंडाळून मी मांडीवर घेतला, कॅबिनेट नानांच्या पायांत. वाघोलीपासून ते झोपले, पण पाय हलू दिले नाहीत.

त्या साली नानांनी मागल्या वर्षीचं उरलेलं बी टाकलं. कांद्याचं बी वर्ष गेलं की नीट उगवत नाही, लहान पोरालाही माहीत असतं. रोप विरळ आलं. अर्ध्या वावरात कांदा लागला, अर्ध्यात आईनं हरभरा टोकला. कुणी काही बोललं नाही. पत्रिका मात्र चांगल्या चालल्या, हे सांगायला हवं, नाहीतर सगळं दुःखाचंच वाटायचं.

2005 च्या ऐन लग्नसराईत संगणक आपोआप बंद पडून चालू व्हायला लागला. आधी दिवसातून एकदा, मग पत्रिकेचं मजकूर लावता लावता तीनदा. मी लोडशेडिंगला शिव्या दिल्या, यूपीएसची बॅटरी बदलली. शेवटी झाकण काढलं. प्रोसेसरजवळच्या पिंपांपैकी सात फुगलेली, डोकी वर आलेली, दोघांतून तपकिरी चिकट रस सुटलेला. त्या काळातल्या कितीतरी बोर्डांचा हा रोग होता, कपॅसिटरमधलं द्रावणच नासकं निघालेलं. हे मला पुढे कळलं. तेव्हा फक्त एवढंच कळलं की अकरा पत्रिका अडकल्यात आणि नव्या बोर्डाला पैसे नाहीत.

नाना म्हणाले, "रेडिओवाल्याला दाखव."

गावातला रेडिओवाला म्हणजे टेप, टीव्ही, मोटारीचा स्टार्टर, काहीही उघडणारा माणूस. त्यानं बोर्ड बघितला आणि म्हणाला, "कंडेन्सर गेलेत. असे तर टीव्हीत रोज बदलतो." 3300 मायक्रोफॅरड, 6.3 व्होल्ट. नगरला 6.3 चे मिळाले नाहीत, 10 चे मिळाले. "व्होल्ट जास्त चालतो, कमी नाही चालत," तो म्हणाला. त्याचं 25 वॉटचं सोल्डरिंग आयर्न टाकाच वितळवेना. बोर्डाच्या आतले तांब्याचे थर सगळी ऊब पिऊन टाकत होते. मग 60 वॉटचं आणलं. पांढरा पट्टा वजा बाजूला, हे दर वेळी मोठ्यानं म्हणत त्यानं साती बसवले. नाना शेजारी बॅटरी धरून उभे. वीज आली तेव्हा रात्रीचे साडेअकरा झाले होते. बटण दाबलं, टिक्‌ असा एक आवाज झाला आणि पडद्यावर अक्षरं आली. मजुरी त्यानं 150 रुपये घेतली.

त्या उंच पिंपांवर तो बोर्ड आणखी चार वर्षं चालला. 2009 ला नवा संगणक घेतला तेव्हा जुना ओसरीवर उघडून ठेवला. एजीपीच्या खाचेत मी सात वर्षांत एकही कार्ड बसवलं नव्हतं. कॅबिनेटच्या मागच्या फटीतून कुंभारीण शिरली होती, तिनं बरोब्बर त्या तपकिरी खाचेवर मातीचं घर बांधलं होतं.

नाना चष्मा वर करून वाकून बघत होते.

"ह्योच का तो खड्डा, पंधराशेचा?"

"हो नाना."

"चला," ते म्हणाले, "कुणाच्या तरी कामी आला."